चौथ्या रांगेतली सीट

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणं हा त्याचा धंदा. दुकानावर पाटी होती, पाटीवर त्याचं नावही होतं, पण लोक त्याला नुसतं 'सीटवाले' म्हणत. हाताला स्वच्छ, शब्दाला पक्का, आणि डोक्यानं थोडा गरम. सहामाही सुट्टी लागली की शाळेची एखादी बस त्याच्या दारात येऊन उभी राही, फाटक्या सीटना नवं रेक्झिन चढवायला. यंदा आली ती नेमकी त्याच्या मुलीची बस. त्याला तेवढ्यानंच बरं वाटलं. आपली ठकू आता आपण शिवलेल्या सीटवर बसून शाळेत जाणार, असं त्यानं बायकोला दोनदा सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चौथ्या रांगेतली खिडकीकडची सीट काढून जमिनीवर पालथी घातली. खालच्या पिना पकडीनं उपटल्या आणि जुनं कव्हर सोललं. कडेला शिवण उसवून बोटभर भोक पडलं होतं. सीटच्या पोटात काय काय सापडतं याची त्याला सवय होती. पेन्सिलींची टोकं, चॉकलेटचे कागद, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दात. पण या सीटच्या फोममध्ये घड्या घातलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. एक, दोन, पाच… हात घालावा तितक्या निघतच राहिल्या.

त्यानं सहज एक उघडली. 'बफरिंग' एवढंच लिहिलं होतं. दुसरीत एक तोंड काढलं होतं आणि उघड्या तोंडात गोल फिरणारा बाण. तिसरीत लिहिलं होतं, 'आज नाव सांगायला किती मिनिटं लागणार?' मुलांचं काहीतरी मोबाइलचं खूळ असेल, असं म्हणून तो त्या केराच्या डब्यात टाकणार, इतक्यात एक मोठा कागद हाती लागला. 'माझी आवडती जागा', पाचवीचं भाषण. अक्षर त्याच्या बायकोचं होतं. जिथं जिथं श्वास घ्यायचा तिथं तिथं तिनं लाल पेनानं छोटी रेघ मारली होती.

तो तिथंच बसच्या पायरीवर बसला.

ठकू बोलताना अडखळायची. चार वर्षांची असल्यापासून. 'प' आणि 'क' तर तिला फारच छळायचे. हा कागद हरवला म्हणून त्यानंच तिला महिन्यापूर्वी फैलावर घेतलं होतं, "आई दिवसभर राबून येते, तुला लिहून देते, आणि तू वस्तू टाकतेस कुठंही!" ती मान खाली घालून उभी होती. भाषणाच्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरीच राहिली. तसं तिचं पोट अधूनमधून दुखायचंच, आणि दुखायचं ते सकाळीच. एकदा ती म्हणालीही होती, "बाबा, मला स्कूटरवर सोडाल?" तो म्हणाला होता, "अगं, घराजवळ बस येते की!"

त्यानं चिठ्ठ्या मोजल्या नाहीत. सगळ्या गोळा करून एका पिशवीत भरल्या. त्या दिवशी त्यानं शिवलेली प्रत्येक शिवण वाकडी गेली आणि प्रत्येक उसवून परत घालावी लागली.

त्याची बायको एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घ्यायची. दिवसभर लोकांना सुया टोचून ती संध्याकाळी घरी आली, तर नवरा स्वयंपाकघरात पिशवी घेऊन उभा. तिनं उभ्याउभ्याच सहा-सात चिठ्ठ्या वाचल्या. भाषणाचा कागद उलगडला आणि खुर्चीत बसली.

"कोण आहेत हे, मला फक्त कळू दे," तो म्हणाला. "एकेकाला बघतो."

"आधी तिला विचारायला हवं."

"विचारायचं काय त्यात? दिसतंय सगळं!"

"अहो, हळू बोला. तिनं हे सगळं आपल्यापासून लपवलंय. का लपवलं, ते तर कळायला हवं ना?"

पण धीर धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ठकू खेळून आत आली आणि त्यानं पिशवी सरळ टेबलावर उपडी केली. "हे काय आहे?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. चोरी तिनंच केली असावी तशी ती दोन पावलं मागे सरली. "का… का… का…"

"काही नाही?" त्यानं तिचं वाक्य पुरं केलं. त्याला ही खोडच होती. पोर अडकली की तो घाईनं पुढचा शब्द पुरवायचा, आणि आपण मदत करतोय असं त्याला वाटायचं. "काही नाही म्हणतेस? कोण लिहितं हे? नाव सांग!"

"ग… गंमत असते," ती म्हणाली. मग एका दमात, जराही न अडखळता, "तुम्ही बसमध्ये येऊ नका."

"बरं, नाही येत," तो म्हणाला. त्या वेळी त्याला ते खरंही वाटलं असेल.

सुट्टी संपेपर्यंत त्यानं बस तयार केली. निळं रेक्झिन, दुहेरी शिवण, चौथ्या रांगेतल्या सीटला तर तिहेरी. शाळा सुरू झाली त्या सकाळी तो ठकूला पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर घेऊन गेला. ती चढली आणि चौथ्या रांगेत खिडकीशी बसली. तिच्या शेजारी चष्मा लावलेली एक उंच मुलगी होती, सातवीतली वगैरे. दार बंद व्हायच्या आत त्यानं काचेतून पाहिलं. ती मुलगी गालात हसत होती, आणि ठकूच्या हातात घडी घातलेला एक कागद देत होती.

मग दिलेला शब्द वगैरे काही त्याच्या डोक्यात राहिलं नाही. तो दोन पायऱ्या एकदम चढून आत गेला, तो कागद त्यानं हिसकावला आणि हातात चुरगाळला. "लाज नाही वाटत? तुझ्यापेक्षा लहान आहे ती! तिच्या बोलण्यावर हसतेस? तुझ्या आईवडिलांनी हेच शिकवलं का?" त्याचा आवाज मुळात मोठा. बंद बसमध्ये तो आणखीच मोठा झाला. चष्मेवाली भेदरून खिडकीकडे सरकली आणि रडायला लागली. पुढच्या सीटवरची बालवाडीतली दोन पोरंही तिच्या जोडीला रडू लागली.

बसमावशी, म्हणजे मुलांना चढवणारी-उतरवणारी बाई, धावत आली. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला खाली आणलं. "दादा, काय केलंत हे?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही चुकीच्या पोरीला ओरडलात. तुमच्या मुलीशी बोलणारी या बसमध्ये ती एकटीच आहे."

बस सुरू झाली. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "बफ-बफ-बफरिंगचा बाबा!" आणि हशा पिकला. खिडकीतून ठकू त्याच्याकडे पाहत होती. ती रडत नव्हती. ती रडली असती तर त्याला सोसलं असतं.

दुकानात जाऊन त्यानं मूठ उघडली. कागदावर चौकटी आखल्या होत्या, शब्दकोड्यासारख्या, आणि वर लिहिलं होतं, 'सुट्टीत बनवलंय. बघ सुटतंय का. बोलायचं नाही, फक्त लिहायचं.'

तीन दिवस ठकू त्याच्याशी बोलली नाही. डबा घ्यायची, बूट घालायची, आणि एकटीच थांब्यावर जायची. दारात उभं राहून तिची पाठ बघत राहण्यापलीकडे त्याला काही करता येईना. बायको त्याला टोचून बोलली नाही, तेही त्याला झोंबलं.

"बोल की मला काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? तुमचं तुम्हाला कळलंय," ती म्हणाली. "आता रविवारपर्यंत तिला कुणी काही विचारायचं नाही. आणि तुम्ही घरातच राहायचं, पण तोंड बंद."

रविवारी सकाळी बायको धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली. ठकू मोज्यांच्या जोड्या लावत होती. तो आतल्या खोलीत पंखा दुरुस्त करायचं निमित्त करून बसला होता आणि दार अर्धं उघडं होतं. अर्धा ढीग संपला. मग ठकू आपणहून बोलू लागली. एकेक शब्दाला वेळ लागत होता. बायको तिच्याकडे बघतही नव्हती, नुसती बाह्या जुळवत होती, आणि मध्येच एखादं "मग?" म्हणत होती. आत बसल्या जागी त्यानं दहा वेळा तरी पुढचा शब्द ओठांवर आणला आणि गिळला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. चिठ्ठ्या मागच्या सीटवरून यायच्या, आणि घरी कळू नये म्हणून तीच त्या सीटच्या भोकात कोंबायची; भाषणाचा कागदही तिनंच तिथं दडवला होता. बसमध्ये शिस्त राहावी म्हणून शाळेनंच नववीतला एक मुलगा कप्तान नेमला होता, छातीवर बिल्ला लावून. कुणाचा थांबा जवळ आला की तो मागून ड्रायव्हरला ओरडून सांगायचा, मग बस थांबायची. उतरणाऱ्यानं आधी कप्तानाला थांब्याचं नाव सांगायचं, असा त्याचा नियम. इतरांना तो हातानं जा म्हणायचा. ठकूला मात्र म्हणायला लावायचा, 'पाण्याची टाकी'. नीट म्हणायचं, एका दमात. नाही जमलं की तो पुढे ओरडायचा, "टाकीला कोणी नाही!" बस पुढे जायची. मग ठकू पेट्रोल पंपापाशी उतरायची आणि मोठ्या रस्त्याच्या कडेनं एकटीच मागे चालत यायची. बसमावशीनं एकदा विचारलं, तर कप्तानानं सांगितलं, "तिची मावशी राहते इथं."

"किती वेळा झालं असं?" बायकोनं विचारलं.

"चष्मेवाली ताई असली की नाही होत. ती म्हणते टाकी, माझ्याऐवजी. ती नसली की…" ठकूनं बोटं मोजली, आणि दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत.

आत त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. घरी यायला उशीर झाला की 'बस उशिरा आली' असं ती सांगायची, आणि तो मान डोलवायचा. तो रस्ता त्याला माहीत होता. ट्रक, वळण, आणि फुटपाथचा पत्ता नाही.

तो बाहेर आला आणि मोज्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसला. ठकूनं लगेच मान फिरवली.

"तू येऊ नका म्हणालीस, तरी मी आलो," तो म्हणाला. "चुकलो मी. आता तू सांगशील तसं. पण एक गोष्ट तुला न विचारता करणार आहे. तू त्या पंपावर परत उतरणार नाहीस. त्याची व्यवस्था आम्ही करणार, मोठ्यांचं काम आहे ते. बाकीचं तू सांग."

ती मोज्याशी चाळा करत राहिली. त्यानं वाट पाहिली. 

"त्या ताईला स… सॉरी म्हणा," ती शेवटी म्हणाली. "बसमध्येच. सगळ्यांसमोर ओरडलात ना, मग सगळ्यांसमोर."

"म्हणतो."

"आणि शाळेत आई बोलेल. तुम्ही नाही."

बायकोला हसू आवरेना. तोही हसला, जरा ओशाळून. "मी येऊ तरी का?"

"या. प… पण बसून राहा."

सोमवारी तो थांब्यावर गेला. आधी बसमावशीला विचारलं, "दोन मिनिटं आत येऊ का?" ती म्हणाली, "ओरडणार नसाल तर या." चौथ्या रांगेपाशी येऊन तो उभा राहिला. आदल्या दिवसापासून मनात घोळवलेली वाक्यं ऐन वेळी कुठं गेली कोण जाणे. "बाळ… ते… त्या दिवशी मी…" त्याची जीभ जड झाली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. कानाच्या पाळ्या तापल्या, आणि एवढ्या डोळ्यांसमोर शब्द सापडत नाही म्हणजे काय होतं, ते त्याला अर्धं मिनिट चांगलंच समजलं. "मी तुझ्यावर विनाकारण ओरडलो," तो कसाबसा म्हणाला. "तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर."

चष्मेवालीनं चष्मा सारखा केला. "ठीक आहे काका. पण माझं कोडं?"

त्यानं खिशातून कागद काढला. रेक्झिनखाली दाबून त्यानं तो जमेल तितका सपाट केला होता. ठकू खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा गाल किंचित हलला.

शाळेत पर्यवेक्षिकाबाईंनी दोघांना बसायला सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. टेबलावर वह्यांचे गठ्ठे आणि गार झालेला चहा. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कसं आहे, मुलं मस्करी करतातच. तुमची मुलगी जरा हळवी आहे. आणि तो मुलगा अभ्यासात चांगला आहे, शिक्षकांशी आदरानं वागतो. त्याच्या मनात तसं काही नसेल."

तो खुर्चीत सावरून बसला. बायकोनं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला, आणि तो तसाच बसून राहिला.

"बाई," बायको म्हणाली, "मी रोज लोकांना सुया टोचते. दुखलं की नाही, हे टोचणाऱ्यानं सांगून चालत नाही. ज्याला टोचलं त्यालाच विचारावं लागतं." तिनं चिठ्ठ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि एका वहीचं पान पुढे सरकवलं. ठकूला आठवले ते दिवस तिनं तारखेनिशी लिहून काढले होते. "आणि ही मस्करी धरली तरी, पाचवीतलं मूल तुमच्या बसमधून दुसऱ्याच थांब्यावर उतरतंय. हे आमच्या घरचं प्रकरण नाही, तुमचं आहे. आम्हाला कुणाला शाळेतून काढायला नकोय. पण उद्यापासून ती कुठं उतरते हे एका मोठ्या माणसानं बघायला हवं."

बाईंनी चार चिठ्ठ्या वाचल्या, मग आणखी चार. चहाचा कप बाजूला सारला आणि बसमावशीला बोलावलं. मावशी आली ती पदराला हात पुसतच. "मला संशय होता," ती म्हणाली. "पण बिल्ला शाळेनं दिलेला. मी काय बोलणार? उलट मलाच ओरडा बसेल असं वाटलं."

"ओरडा मलाच बसायला हवा," बाई पुटपुटल्या. हे त्या म्हणाल्या म्हणून सीटवाल्याच्या मनात त्यांच्याविषयीची अढी निम्मी तरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून कप्तान हा प्रकारच बंद झाला. थांब्यांची यादी मावशीच्या हातात आली. ती वाचून नावं घ्यायची आणि प्रत्येक मूल उतरलं की खूण करायची. त्या मुलाला ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, आणि त्याच्या घरी निरोप गेला.

चार दिवसांनी दुकानात एक बाई आल्या. केस कापण्याच्या दुकानात काम करणाऱ्या असाव्यात, अंगावरच्या एप्रनला बारीक केस चिकटलेले होते. सीटचे नमुने बघतेय असं त्यांनी थोडा वेळ दाखवलं. मग म्हणाल्या, "मी त्या मुलाची आई. बसमधल्या."

त्यानं मशीन थांबवलं. या भेटीसाठी त्यानं मनात केव्हापासून शब्द परजून ठेवले होते. पण त्या बाईंचे डोळे सुजले होते.

"घरी तो असा नाही हो," त्या म्हणाल्या. "धाकट्या भावाच्या बुटांची नाडीसुद्धा बांधून देतो. मला खरंच वाटेना."

"बसा," तो म्हणाला. "माझी मुलगी घरी हसायची, खेळायची. मलाही वाटायचं, सगळं ठीक आहे."

"त्याचे वडील म्हणतात, पट्ट्यानं फोडून काढतो. मी थांबवलंय. पण मग करायचं काय? तुम्हीच सांगा."

कुणाला शहाणपण शिकवावं अशी त्याची परिस्थिती नव्हती. त्यानं हातातला रेक्झिनचा तुकडा बाजूला ठेवला. "मारू नका," तो म्हणाला. "मी त्या दिवशी एका पोरीवर ओरडलो. का ओरडू शकलो? मी मोठा, ती लहान, म्हणून. तुमचा मुलगा बसमध्ये तेच करत होता. घरी पट्टा बसला तर तो तेच आणखी नीट शिकेल." मग म्हणाला, "पण सोडूही नका. त्यानं काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐका. आमच्या घरी मीच घाई केली, म्हणून सगळं उलटं झालं."

बाई उठताना म्हणाल्या, "त्याला माफी मागायला घेऊन येऊ का?"

"तिला विचारून सांगतो."

ठकूनं विचार केला आणि मान हलवली. "नको. अजून नको." त्यानं तसंच कळवलं. दोन्ही घरांत कुणी तिच्यावर जोर केला नाही. त्या मुलानं एक पत्र लिहून मावशीजवळ दिलं. ठकूनं ते न उघडता कपाटात ठेवलं. उघडायचं केव्हा, ते ती ठरवणार होती.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. मागच्या सीटवरून एखादा अजूनही "बफ" म्हणायचा. फरक इतकाच, की त्या दिवशी घरी आल्यावर ठकू ते सांगायची, कधी रागानं, कधी नुसतं खाता खाता. पोट दुखायचं कमी झालं. भाषण तिनं वर्गात केलंच नाही, पण वर्गाच्या बाईंना एकट्यांनाच म्हणून दाखवलं.

एका दुपारी ती बसमधून उतरली ती पाय आपटतच दुकानात आली. दप्तर भिरकावलं. नाकपुड्या फुगलेल्या.

"ती चष्मेवाली ताई! ती च… चक्क खोटं खेळते! कोड्यातला शेवटचा शब्द माझा होता!"

तो ताडकन उठला. "काय केलं तिनं? मी आत्ता जाऊन…"

ठकूनं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, हे भांडण आहे," ती म्हणाली. "भांडण. उद्या मी जिंकणार आहे. तुम्ही बसा."

तो बसला. ती त्याच्या मेजावरची पेन्सिल घेऊन रेक्झिनच्या पाठीमागच्या कापडावर चौकटी आखायला लागली, उद्याच्या तयारीसाठी.